आवडीचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय, अन् राग काढायला दुसरं कोणी सापडत नाही.

आज आसेगावची रूपाली आली. बीएच्या पहिल्या वर्षाची. "सर, मले मेजर विषय बदलाचा हाये. इतिहासात मन नाही लागून राह्यलं, भूगोल पायजे."

मी उखडलो. प्रवेशाच्या वेळी तोंड शिवलं होतं का? तिचा जुना फॉर्म काढून टेबलावर आपटला. 'निवडीचं कारण' या रकान्यात चक्क लिहिलेलं, 'इतिहासाची आवड'.

"हे कोणी लिवलं मंग?"

"तुमीच, सर."

अक्षर माझंच. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती, अन् इतिहासाला पोरं कमी पडत होती. इतिहास म्हणजे मी. पोरं नाहीत तर तासिका नाहीत, तासिका नाहीत तर माझी जागा नाही. तिच्या हातातला फॉर्म ओढला अन् भरून टाकला. विषय-मार्गदर्शन समितीचा प्रमुखही मीच! काय मार्गदर्शन केलं?

"तवाच काहून नाही बोलली?"

"मले वाटलं, सरायले समजत असन."



मी तिला विषय बदलाचा कोरा अर्ज दिला. त्यातही कारणाचा रकाना. तिनं तो अर्ज माझ्याकडेच सरकवला. "तुमीच लिवा ना, सर."

मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने पूर्वीचा विषय विचार न करता निवडला होता.' खाली माझी सही.

थँक्यू म्हणून गेली पोरगी.