नयना काही मागत नाही

शनिवार, १ फेब्रुवारी १९५८. सकाळी.
आजपासून स्कीम सुरू. नयनाला (वय नऊ) आणि श्रीकांतला (वय सहा) दर शनिवारी प्रत्येकी पंचवीस नये पैसे. प्रेमा त्यांना खाऊचे पैसे म्हणते. मी दुरुस्त केलं. खाऊचे पैसे म्हणजे लाड. हा अलाउन्स आहे. अलाउन्स म्हणजे जबाबदारी.
नियम तीन. मधल्या वारी काही मागायचं नाही. उसने मिळणार नाहीत. आणि निष्काळजीपणाने जे नुकसान होईल त्याचा खर्च ज्याच्या त्याच्या अलाउन्समधून. हा तिसरा आंघोळ करताना सुचला. तोच सगळ्यात चांगला.
श्रीकांतने विचारलं, नाणं गिळलं तर काय. उत्तर दिलं नाही. नयनाने तिन्ही नियम लगेच म्हणून दाखवले. मुलगी माझ्यावर गेली आहे.

रविवार, २ फेब्रुवारी.
दामोदर आला होता. आमच्याच फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसला आहे, शिवाय इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस. तेविसाव्या तारखेचे कीर्तनकार येत नाहीत, कोणीतरी वक्ता हवा. म्हटलं, विषय तयार आहे. ‘मुलांच्या हाती पैसा’. या बाबतीत तुमचा अनुभव किती, असं त्याने विचारलं. बराच आहे, म्हणालो. (कालपासून.)

सोमवार, ३ फेब्रुवारी.
प्रेमा धारवाडला गेली. बहिणीचं बाळंतपण. चार आठवडे. गाडी सुटताना म्हणाली की स्कीमकडे जरा कमी आणि मुलांकडे जरा जास्त बघा. मी म्हटलं, एकच आहे ते. ती काहीतरी बोलली, पण इंजिनाची शिट्टी झाली.
जेवण खाणावळीच्या डब्यातून. घरमालकीण चंद्राबाई समोरच राहतात, त्या अधूनमधून डोकावतील.
संकल्प: सिगारेट बंद. पहाटे व्यायाम. कॉफी फक्त घरी.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
श्रीकांतने घरात चेंडू मारून भिंतीवरच्या घड्याळाची काच फोडली. तिसरा नियम लागू. त्याचा अलाउन्स पुढचे सहा आठवडे बंद. तो मोरीत जाऊन रडला. बराच वेळ. मी आत गेलो नाही. आत जाणं सोपं असतं, न जाण्याला डिसिप्लिन लागते.
नयनाने येऊन विचारलं की अर्धी काच तिच्या पैशातून चालेल का. मी नाही म्हणालो आणि का नाही ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती मोरीच्या दाराकडे.
लेक्चरसाठी उत्तम उदाहरण मिळालं.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
नयनाला पंचवीस. श्रीकांतला काही नाही. तोही हात पुढे करून उभा होता. विसरला असेल.
फॅक्टरीतले एक साहेब मद्रासला बदलून चाललेत, त्यांचा कॅमेरा घेतला. प्रेमाला हे पटणार नाही. पण लेक्चरला मुलांचे फोटो लागणार. शिवाय वस्तू स्वस्तात मिळाली. हा खर्च नव्हे.
व्यायाम सोमवारपासून. सिगारेट फक्त लंचनंतर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.
नयनाने पहिल्यांदा पैसे खर्च केले. काय घेतलं असेल? चॉकलेट नाही, रिबीन नाही. टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणि कापूस. केमिस्टकडे एकटी गेली होती. विचारलं तर म्हणाली, बाहुलीच्या पायाला लागलंय.
ऐकून मन भरून आलं. नऊ वर्षांची मुलगी खाऊ सोडून शैक्षणिक खेळावर खर्च करते. लेक्चरमध्ये घालायचं. बाहुली ‘पेशंट’ म्हणायची की ‘रुग्ण’? मंडळात म्हातारे बरेच आहेत. रुग्ण.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.
नयना हल्ली लंगडी घालत घरात फिरते. एका पायावर. चांगला व्यायाम आहे.
शाळेत चप्पल न घालता गेली. कारण विचारलं. म्हणाली, घालवत नाही. मग म्हणाली, झिजेल. सहा आठवड्यांत जे शिकवायचं ठरवलं होतं ते मुलगी दोन आठवड्यांत शिकली.
तिच्यामागून श्रीकांत काहीतरी सांगायला आला होता. नयनाने त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला. मोठी बहीण धाक ठेवते आहे. बरं आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी.
आज पैसे घेताना नयनाने विचारलं की पुढच्या आठवड्याचे आज मिळतील का. दुसऱ्या नियमाची आठवण करून दिली. बरं म्हणाली. हट्ट नाही, रडणं नाही.
मग विचारते, बाहुलीला डॉक्टरांकडे न्यायचं झालं तर ते किती घेतील. संधी साधून पूर्ण हिशेब शिकवला. डॉक्टर दोन रुपये घेतात. दोन रुपये म्हणजे दोनशे नये पैसे. अलाउन्स पंचवीस. तर किती आठवडे? क्षणात म्हणाली, आठ. बरोबर. आणि बाहुलीला कोणाच्या निष्काळजीपणाने लागलं? पायाकडे बघत म्हणाली, तिच्याच. मग पैसे कोणी द्यायचे? तिनेच, म्हणाली.
पाठीवर थोपटलं. अंग गरम लागलं. उन्हातून आली असावी.

सोमवार, १७ फेब्रुवारी.
प्रेमाचं पत्र. बहिणीला मुलगा झाला. मुलं जेवतात का, नयनाचा खोकला कसा आहे, दोघांना रोज रात्री जवळ घेऊन बसता ना. तिला इकडची प्रगती कळत नाही. कार्ड टाकलं: ‘सर्व कुशल. नयना पूर्ण बदलली आहे. आल्यावर बघशील.’
डबा अर्धा परत जातोय. खाणावळवाल्याने भाजीत नारळ फार घालायला सुरुवात केली आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी.
चंद्राबाई आल्या होत्या. तीन पिढ्या इथे, त्यामुळे निम्मं बोलणं कानडीत. म्हणाल्या, “अण्णा, पुट्टी सुकलीया. स्वल्प बघा की तिच्याकडं.” पुट्टी म्हणजे नयना. आता खेळायला येत नाही, पायरीवर बसून राहते म्हणाल्या.
मी शांतपणे सांगितलं की मुलगी विचारी होत चालली आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि गेल्या. शेजाऱ्यांना दुसऱ्याच्या घरातली डिसिप्लिन खुपते.
तरी नयनाला विचारलं, काही होतंय का. नाही म्हणाली. काही हवंय का. नाही म्हणाली. आणखी काय करायचं माणसाने?
संध्याकाळी कॉफी बाहेरच घेतली. घरी लेक्चरचा विचार होत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.
लेक्चर तयार. शेवटी नयनाने स्टेजवर येऊन दोन वाक्यं बोलायची: ‘मी माझा अलाउन्स जपून वापरते. मी बाबांकडे जादा काही मागत नाही.’ घरी रिहर्सल घेतली. टेबलाला धरून उभी राहिली. सरळ उभी राहा म्हटलं. राहिली, पण ओठ चावत होती. स्टेजची भीती. मलाही लहानपणी होती.
श्रीकांत मध्येच मोठ्याने म्हणाला की ताई खोटं बोलते. कोपऱ्यात उभा केला. काच फुटल्यापासून त्याच्या मनात राग आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी. दुपारी, हॉस्पिटलचा व्हरांडा.
लिहायला हात होत नाही. पण दुसरं काही करण्यासारखं नाही. आत सोडत नाहीत.
काल संध्याकाळी लेक्चर झालं. हॉल भरला होता. शेवटी मी म्हणालो, माझ्या मुलीने तीन आठवड्यांत माझ्याकडे एक नवा पैसाही जादा मागितलेला नाही. टाळ्या पडल्या. नयनाला बोलावलं. ती पायऱ्या एकेक करून चढली. टेबलाला धरलं. पहिलं वाक्य म्हणाली. दुसरं अर्धं म्हणाली, ‘मी बाबांकडे’, आणि खाली बसली. पडली नाही. बसली, हळूच, टेबलाचा पाय धरून.
लोकांना वाटलं लाजली. आणखी टाळ्या. मलाही तेच वाटलं. मी हसत होतो.
दामोदर स्टेजवर चढला. त्याने तिचा पाय बघितला. लांब मोजा घातला होता तिने, माझा. तो काढताना ओरडली नाही. टाचेला केसांची रिबीन गुंडाळलेली, काळी पडलेली. पाय घोट्यापर्यंत सुजून चकाकत होता आणि तिथून वर गुडघ्यापर्यंत एक लाल रेघ गेली होती. वास येत होता.
दामोदरने टॅक्सी आणली. मी तिला मांडीवर घेतलं. ती इतकी तापली होती की माझा शर्ट गरम झाला. श्रीकांत पुढे बसून सगळं सांगत होता. समोरच्या बांधकामावर ती त्याच्या चेंडूसाठी चढली होती, फळीतला खिळा चपलेतून टाचेत गेला. दहा तारखेला. बाबांना सांगितलंस तर माझे पैसे कापतील आणि तुझेही, असं तिने त्याला बजावलं होतं.
डॉक्टर नागनाथराव तरुण आहेत, आवाज चढवत नाहीत. पाय उघडावा लागला. आत चपलेच्या चामड्याचा तुकडा राहिला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन, पेनिसिलिन. टेबलावर घेण्याआधी त्यांनी तिला विचारलं, इतके दिवस कोणाला सांगितलं का नाहीस. तिने विचारलं, “किती होतील?”
ते म्हणाले, टाके?
“पैसे,” ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, “बाबा, आठ आठवड्यांचे कापा. श्रीकांतला सांगू नका. तो रडेल.”
डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगायला लागलो की नियम होता, पण त्याचा अर्थ असा नव्हता. त्यांनी नर्सला दार लावायला सांगितलं. मी दाराच्या बाहेरच्या बाजूला होतो.
लाल रेघ वर सरकली तर कठीण, म्हणालेत. उद्यापर्यंत कळेल. प्रेमाला तार केली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.
ताप उतरलेला नाही. रेघ आहे तिथेच आहे. वर गेली नाही ही चांगली गोष्ट. खाली आली नाही. नर्सला दर थोड्या वेळाने विचारतो, ती आता माझ्याकडे न बघताच मान हलवते.
श्रीकांत चंद्राबाईंकडे आहे. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
आज थोडा वेळ आत सोडलं. ग्लानीत नयना आकडे म्हणते. आठ. आठ.
कोणीच मला सांगितलं नाही याचा मला सकाळी राग आला होता. नंतर चंद्राबाई आठवल्या. पायरीवरची नयना आठवली. बाटली आठवली. बाहुलीचे पाय मी एकदाही बघितले नव्हते.

बुधवार, २६ फेब्रुवारी.
प्रेमा सकाळच्या गाडीने आली, स्टेशनवरून सरळ इथे. नयना तिला बघून पहिल्यांदा रडली. मोठ्याने, तोंड उघडून, तीन वर्षांच्या मुलीसारखी. तीन दिवस मी इथे होतो तेव्हा रडली नव्हती.
प्रेमाने मला काही विचारलं नाही. दामोदरने सांगितलं असावं. फक्त म्हणाली, “तुमचं कार्ड मिळालं.”
दुपारनंतर ताप उतरू लागला. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला. मी व्हरांड्यात जाऊन सिगारेट ओढली.

शनिवार, १ मार्च.
नयनाला घरी आणलं. दोघांना समोर बसवून स्कीम रद्द झाल्याचं जाहीर केलं. यापुढे काहीही लागलं तर मागायचं. केव्हाही. दोघांनी मान हलवली.
स्कीमचं प्रिन्सिपल चुकीचं नव्हतं. आजारपणाचं कलम राहून गेलं होतं. हे मी प्रेमाला सांगितलं. ती भांडी लावत होती. एक पातेलं जरा जोरात ठेवलं.
कॅमेरा तिला सापडला आहे.

शनिवार, ८ मार्च.
नयना काही मागत नाही. मी रोज सकाळी विचारतो. संध्याकाळी विचारतो. नको म्हणते, गोड हसते. स्वयंपाकघरात आईशी कुजबुज चालू असते. आज ऐकलं, तिला निळी रिबीन हवी आहे. मी आत गेलो तर विषय बदलला.
दुकानातून निळी रिबीन आणली. हातभर. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, “अजून जुनी आहे, बाबा.” जुनी नाही. जुनी हॉस्पिटलात टाकून दिली.
वेळ द्यायला हवा. मुलं विसरतात. दोन-तीन दिवस.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी.
रोज तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून ड्रेसिंगला नेतो. प्रेमा नेते म्हणाली होती, मी ऐकलं नाही. आज शेवटचं ड्रेसिंग. डॉक्टर म्हणाले, पळू शकेल.
येताना आठव्या क्रॉस रस्त्याच्या कोपऱ्यावर शेंगावाला होता. गाडीवर उकडलेल्या शेंगांची वाफ येत होती. मागून शर्टाला हिसका बसला. मी थांबलो.
“बाबा,” ती म्हणाली, “शेंगा घ्यायच्या?”
मी सायकल भिंतीला लावली. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, शेंगावालाही हसला. मोठी पुडी बांध म्हटलं. खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. होते ते सगळे कंपाउंडरला दिले होते. एक नवा पैसाही नव्हता. नंतर देतो हे मी त्याला मोडक्या कानडीत सांगू लागलो. तो हो म्हणाला असता, असं मला वाटतं. पण नयनाने पुन्हा शर्ट ओढला.
“राहू दे बाबा. मला तशी भूक नाहीये.”
अगदी सहज म्हणाली. समजूत घालावी तसं.
तिला घरी सोडलं, पैसे घेतले, जोरात सायकल मारत परत गेलो. गाडी तिथे नव्हती. दोन रस्ते पलीकडे दुसरा एकजण सापडला. त्याच्या शेंगा भाजलेल्या होत्या. घेतल्या.
आलो तेव्हा नयना झोपली होती. पुडी तिच्या उशाशी ठेवली. सकाळी उठल्यावर दिसेल म्हणून.
प्रेमाने उचलून फडताळात ठेवली. मुंग्या येतात म्हणाली.
येतात खऱ्या.