लाइनवरची खरखर

ती. बाबांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

ढगांमुळे माझं काम अडत नाही. उल्का आम्ही बघत नाही, रेडिओवर ऐकतो. ती जळून मागे रेघ सोडते आणि त्या रेघेवरून दूरच्या स्टेशनचा आवाज क्षणभर आमच्याकडे वळतो. विजा चमकल्या की मात्र नुसती खरखर! आमच्या मॅडम म्हणतात, असे दिवस सोडून दे. मी सोडत नाही. खरखरीतून उल्का वेगळी काढायला कान आता तयार झालाय.

म्हणून सांगते, रविवारी फोनवर तुम्ही ‘लाइन खराब आहे’ म्हणालात. ती खरखर लाइनची नव्हती, तुमच्या छातीतली होती. उद्याच डॉक्टरकडे जा, सबबी नकोत.

आईचे गुडघे कसे आहेत? हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच खोकला आला, तर पुढचं ती बघेल.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी