पतंगावरून काढलेला प्लॉट

डोंगरपाडा, ता. तलासरी
५ मार्च २०१६

चि. सौ. संगितास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

बाबांचा खोकला आहे तसाच आहे. माझे गुडघेही. इथे मोबाईलला रेंज नाही, म्हणून चिठ्ठी जीपवाल्या बाबल्याकडे देतो.

आपला वनप्लॉट नावावर व्हायचा दावा पुन्हा लोंबकळला. बाबांनी जन्मभर कसलेली जमीन, पण ती जुनी वहिवाट आहे, आता जंगल तोडून केलेली नाही, हे दिसायला हवं, असं वनखात्याचे साहेब म्हणतात. खालून फोटो काढला तर गवतात बांध दिसत नाहीत. तुझा पोरगा नितीन चिखल्याच्या किनाऱ्यावर पतंगाला कॅमेरा बांधून वरून फोटो काढतो ना, त्याला पाठव. मी त्याला रिकामटेकडा म्हणालो होतो, ते विसरायला सांग. मला आता तालुक्याच्या फेऱ्या झेपत नाहीत.

माया असू दे.
तुझा काकड्यादादा

मसोली, डहाणू
१२ मार्च २०१६

तीर्थस्वरूप दादास संगिताचा शि. सा. नमस्कार.

नितीन रिकामटेकडा आहेच, त्यात विसरायचं काय? होळी झाली की रविवारी येईल. पतंग त्याच्याहून उंच आहे. कॅमेरा खाली दोराला लटकतो आणि आपोआप फोटो काढत राहतो. डोंगरात वारा दुपारनंतर धरतो, तेव्हा त्याला घाई करू नका. पुतळीवहिनीला सांग, कोंबडी कापू नको. जेवला की हा झोपतो.

चिकूच्या वाडीतून आले की माझी पाठ जमिनीला लागते ती उठत नाही. बाबांना सांभाळ. आमची आठवण ठेवत जा.

तुझी संगिता

डोंगरपाडा
२९ मार्च २०१६

चि. सौ. संगितास आशीर्वाद.

नितीन आला. सकाळभर पानही हललं नाही, म्हणून तो आंब्याखाली आडवा झाला. कोंबडी कापली होतीच. पुतळीला मात्र चैन पडेना. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावं, तसं तिला प्लॉट साफ करावासा वाटला. सरकारकडे जाणाऱ्या फोटोत वाळकं गवत कसं दिसू द्यायचं, असं तिचं म्हणणं. दरवर्षी ती रोपांसाठी एका कोपऱ्यात पाला आणि शेण पसरून राब भाजते. या वेळी तिने सगळ्याच प्लॉटला काडी लावली.

धूर बघून मी धावलो, तोवर उशीर झाला होता. दुपारी वारा आला, पतंगही झकास चढला. खाली जमीन काळी, बांधही काळे. पुतळी मात्र हसून वर बघत होती. तिला अजून काही बोललो नाही.

तुझा दादा

मसोली
४ एप्रिल २०१६

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

फोटो मोठा करून आणला. कालच कोणी जंगल जाळून जागा केली, असं दिसतं. तो देऊ नकोस. श्रावणात भात उभं राहिलं की नितीन परत येईल. वहिनीला रागावू नकोस. मीसुद्धा तेच केलं असतं.

संगिता

डोंगरपाडा
१८ मे २०१७

चि. सौ. संगितास आशीर्वाद.

वर्षभर लिहायचं टाळलं. गेल्या वर्षी वैशाखात साहेबांची माणसं पाहणीला आली होती. त्यांनी नुसती राख बघितली आणि जागा नवीन जाळून साफ केली, असा शेरा मारला. नितीनचा श्रावणातला फोटो सुरेख होता, एकेक बांध मोजता येत होता. तोही जोडला. पण या आठवड्यात दावा परत आला, कारण तो शेराच. आता पहिल्यापासून सुरुवात.

पुतळीला शेवटी सगळं कळलं. यंदा राब रचून ठेवला, पण भाजेना. पाऊस तोंडावर आला, रोपं कुठे करणार? काल मी तिला हाताला धरून नेलं. काडी ओढण्याआधी तिने मान वर केली आणि किती तरी वेळ आकाश न्याहाळत राहिली. तिथे काही नाही, असं मी सांगितलं. तरी तिने काडेपेटी माझ्या हातात दिली आणि ती झाडाखाली जाऊन उभी राहिली.

नितीनवर माझा राग नाही, तेवढं त्याला नक्की सांग. सुट्टीत येऊ दे, त्याची मामी वाट बघते. फक्त पतंग घरी ठेवून ये म्हणावं.

तुझा दादा