डोळ्यांची आखणी

पेण, ७ जानेवारी

सुट्टी म्हणे! आल्यापासून हे लॉजच्या गॅलरीत, तोंडासमोर पेपर. संध्याकाळी एकटीच फिरायला निघाले. पापडांच्या दुकानांवरून पार गावाबाहेर — आणि एका फाटकाआड माणसंच माणसं उभी! सिमेंटची. टोपलीवाली कोळीण, मिठागरातला म्हातारा, भात पाखडणारी बाई. सगळ्यांचे डोळे रंगवलेले, टक्क उघडे. चिंचेखालच्या मुलीचे तेवढे कोरे. पाठीला दप्तर, दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली.

माझी स्वप्नाली!

८ जानेवारी

परत गेले. बाग सुभाष नावाच्या मूर्तिकाराची. मूळचे हमरापूरचे, जन्मभर गणपतींच्या डोळ्यांची आखणी केली. डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे, मगच मूर्ती बघायला लागते, म्हणाले. त्यांच्या बायकोने चहा दिला. "देवाचे डोळे काढण्यात यांचा जल्म गेला, माझ्याकडं कवा बघितलंच नाय!" हसले मी. किती दिवसांनी!

मग सांगून टाकलं. मुलगी दुसरीत होती, तापात गेली.

सुभाष म्हणाले, "परवा सकाळी आखणी हाय हिची. कसे व्हते डोळे, सांगा ताई. तसेच काढतो."

मला आठवेनात. चघळलेल्या पेन्सिली आठवतात, फ्रॉकचा वास आठवतो. डोळे — नाही! आई म्हणवते मी स्वतःला!

फोटो? ती गेली त्याच आठवड्यात यांनी सगळे बांधून माळ्यावर टाकले. तेव्हापासून घरात तिचं नाव नाही.

९ जानेवारी

जेवताना धीर केला. बाग, चिंच, तो पुतळा — सगळं सांगितलं. "कसे होते हो तिचे डोळे?"

हे ताट तसंच ठेवून उठले. हात धुऊन आले नि म्हणाले, "उद्या दुपारच्या गाडीने रोह्याला, ताईकडे. बॅग भर."

दगड! लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या अंगणातली संगमरवरी मेरी यांच्यापेक्षा मऊ होती. तिच्यापाशी रडता तरी यायचं.

बॅग भरली.

१० जानेवारी

तुमच्या मनानंच काढा, एवढं सांगायला बागेत गेले. आखणी झालेली! डावा डोळा किंचित बारीक — हसू दाबताना व्हायचा तसा. अगदी तसा.

"तुमचे सायेब उजाडताच आले व्हते," सुभाष म्हणाले. "इथंच बसून सांगत व्हते. जाताना म्हणाले, रिबीन तेवढी बांधा. सुटली की रडते ती."