एरचची तांबोशी

रविवार, ९ फेब्रुवारी. प्रेमनगर, झाशी.

फार थकलोय. आज बाबांना एरचला बेतवा नदीच्या घाटावर गळ टाकायला नेलं. रोहू लागला. त्याचे लालसर पर पाहून बाबा म्हणाले, "तांबोशी."

समुद्रातला लाल मासा तांबोशी, तो नदीत? जन्मभर मालवणच्या जेट्टीवर मासे ओळखणारा हा माणूस. घाटावर शेजारी गळ टाकून बसलेले भैया हसले, "बाबूजी, रोहू है." बाबांनी गळाला नवं आमिष लावलं. विसरायला लागले की काय? बसमध्ये तेच डोक्यात.

जेवताना विचारलंच.

"रोहूच होता. कळतं मला," बाबा म्हणाले. "पण इथे तुझ्याकडे राहायला आल्यापासून तो शब्द तोंडातून निघालाच नव्हता. म्हणावासा वाटला."

मग तांबोशी गळाला कशी ओढते, ते विचारलं. उष्टे हात सुकेपर्यंत सांगत राहिले. माझे डोळे मिटत होते, तरी बसून राहिलो.