ठुशीखालची खूण

कोल्हापूर, ९ जानेवारी २०२४

ती. चिमणाआत्यास,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुझ्या चांदीच्या कारखान्यातल्या पैंजणांच्या ठोकाठोकीत काही ऐकू येत नाही म्हणून तू ठेवून देतेस, तेव्हा आता हे पत्रच वाच. टाके वाळले, भूक सपाटून लागते. वर्षभर माझा आवाज घोगरा झाला म्हणून तू मला पैलवान म्हणत होतीस ना? ते सगळं अंडाशयातल्या गाठीचं काम. तीच पुरुषी संप्रेरकं सोडत होती, नि बोलणी मी खात होते!

गाठ निघाली, दुसरं अंडाशय शाबूत आहे. पण गाठ नेमकी कसली यावर डॉक्टरांचं एकमत होईना. दोन तऱ्हेच्या पेशी एकातच मिसळल्यात, असं फार क्वचित सापडतं म्हणे. त्यांना वाटतेय तशी ती मिश्र जातीचीच असली तर केमो नको. दुसरी असली तर लागणार. मला भीती वाटते गं. वैशाखात लग्न आहे, आणि मला मुलं हवी आहेत.

आता गाठीतली नि रक्तातली जनुकं तपासायला दिलीत. घराण्यात कुणाच्या गळ्याला गाठी होत्या का, असंही डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी छाती ठोकून नाही म्हणाले.

तुझी,
वर्षाराणी

हुपरी, १५ जानेवारी

चि. वर्षाराणीस,
अ. उ. आ.

छाती कशाला ठोकायची? टाके उसवतील. माझी ठुशी कधी उतरलेली बघितलीस का? तिच्याखाली कापल्याची खूण आहे. तुझ्याएवढी असताना गळ्यात गाठी झाल्या, मिरजेला जाऊन काढल्या. लग्न जमायचं होतं, म्हणून आईनं वरून ठुशी आवळून बांधली, ती तशीच राहिली. आजार म्हणून त्याला घरात कुणी मोजलंच नाही. तुझा बापही विसरला असेल.

गुरुवारच्या एसटीनं येते नि बाईंना गळा दाखवते. तोवर रडायचं नाही. फारच आलं तर होणाऱ्या नवऱ्याला रडव, सयाजीला तेवढी सवय हवीच.

आत्या

कोल्हापूर, २० फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न.

केमो नाही! आधी तेवढं वाच, मग नाचून ये.

तुझा गळा बघून बाईंनी डायसर नावाच्या जनुकाकडे नीट बघायला कळवलं होतं. बिघाड तिथंच निघाला, माझ्या रक्तात नि गाठीतही. गाठ ती दुर्मिळ मिश्र जातीचीच, आणि सगळी निघालीय. आता नेमानं तपासण्या, बस्स. तुमचंही रक्त तपासलं, तोच बिघाड तुझ्यात नि बाबांतही आहे. बाबांना काहीच झालं नाही, त्यांनी नुसतं माझ्यापर्यंत पोचतं केलं. दादाची नि त्याच्या छकुलीचीही तपासणी करायचीय.

आवाज पूर्वीसारखा होईलच असं नाही. फोनवर सयाजीला तो अजून दादाचाच वाटतो आणि बिचारा सावरून बसतो.

लोभ असाच राहू दे, खरवसासकट.

वर्षाराणी

हुपरी, २६ फेब्रुवारी

चि. वर्षाराणीस, अ. उ. आ.

पत्र ऐकून कामावरच्या बायकांनी ठोकणं थांबवलं. मी रडले, मग सगळ्यांना पेढे दिले.

त्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी ठुशी उतरायला लावली, ती मी पिशवीत टाकली. येताना एसटीत शेजारची टक लावून बघत होती, बघू दे म्हटलं. घरी आल्यावर बांधायला घेतली, पण मन होईना.

ती पुसून ठेवलीय, हळदीला आणते. आता ती तुझी. गोंडा सैल सोडून घाल, आणि उद्या तपासणीत गळ्याला काही निघालंच तर ती काढून सगळ्यांना सांग.

माझी माया आहेच. तुझी खुशाली कळवत जा, त्या पैलवानी आवाजात.

चिमणाआत्या