खुर्चीचा धाक

मंगळवार, संध्याकाळ

आज माधवगंजच्या माझ्या दवाखान्यात एका लहान मुलीने खुर्चीत बसताच ओठ घट्ट मिटून घेतले. एकही दात बघू दिला नाही. सुई नाही, मशीन सुरू नाही, मग भीती कशाची? तिच्या आईला विचारलं, तर हसत म्हणाली, "खाना नहीं खाती तो हम डराते हैं ना, कि दाँतवाली डॉक्टर के पास ले जाएँगे."

चांगलंच सुनावलं तिला. मी काय बागुलबुवा आहे? भीती घरून घेऊन यायची आणि बदनाम आमची सुई!

तणतणतच घरी आले. सासूबाई माझ्या ईराला वरणभात भरवत होत्या. मी दारात आहे हे त्यांना कळलं नव्हतं. "मुकाट्यानं संपव. नाहीतर तुझ्या आईला दात उपटायला सांगेन."

म्हणजे इथेही मीच? कधीपासून? त्यांना सुनावलं असतं, तर "अगं, गंमत करते," एवढंच म्हणाल्या असत्या.

ईराला जवळ बोलावलं, पापा मागितला. माझ्या लेकीने ओठ घट्ट मिटले आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.